झाकणांचे वस्त्र: एल अनात्सुई आणि गिनीच्या किनाऱ्याचा व्यापार

8 मार्च 2019 रोजी म्युनिक येथील 'हाउस देर कुन्स्ट' या कलासंस्थेत शिल्पकार एल अनात्सुई यांचे 'ट्रायम्फंट स्केल' हे सिंहावलोकनी प्रदर्शन, म्हणजे एखाद्या कलावंताच्या सबंध कारकिर्दीतील कामे एकत्र मांडून तिचा प्रवास दाखवणारे प्रदर्शन, खुले झाले. घानामध्ये जन्मलेल्या आणि 1975 साली नायजेरियातील न्सुक्का या विद्यापीठाच्या गावी स्थायिक झालेल्या अनात्सुई यांचे नाव जगाला प्रामुख्याने ठाऊक आहे ते मद्याच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची झाकणे ठोकून चपटी करून, ती तांब्याच्या तारेने एकमेकांत गुंतवून त्यांनी घडवलेल्या भिंतभर पसरणाऱ्या धातूच्या वस्त्रांमुळे. या प्रदर्शनात मात्र त्या वस्त्रांच्या आधीची लाकडी तबके, फुटलेली मातीची भांडी आणि यांत्रिक करवतीने कापलेल्या फळ्या यांनाही जागा मिळाली होती, आणि त्यामुळे झाकणांपर्यंत कलावंत कोणत्या वाटेने पोहोचला हे प्रेक्षकाला क्रमाने पाहता येत होते.

प्रदर्शनाची वास्तूही इतिहासाच्या दृष्टीने उपेक्षणीय नाही. नाझी राजवटीने 'जर्मन कले'चे मंदिर म्हणून पाउल लुडविग ट्रूस्ट या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार उभारलेली ही इमारत हिटलरच्या हस्ते 18 जुलै 1937 रोजी उघडण्यात आली. दुसऱ्याच दिवशी जवळच्या एका वास्तूत 'विकृत कला' या नावाने आधुनिक चित्रशिल्पांची निंदा करणारे प्रदर्शन भरवले गेले, आणि आफ्रिकी शिल्पांपासून प्रेरणा घेणे हा त्या निंदेतील एक आरोप होता. त्याच इमारतीच्या दगडी खांबांच्या दर्शनी भागावर 2019 साली एका आफ्रिकी शिल्पकाराने छापखान्यांतील वापरून झालेल्या पत्र्यांची 'सेकंड वेव्ह' ही विस्तीर्ण रचना चढवली. प्रदर्शनाची योजना करणाऱ्या दोघांपैकी ओक्वुई एन्वेझोर हे 2018पर्यंत या संस्थेचे संचालक होते, तर दुसरे, चिका ओकेके-अगुलु, हे कलेतिहासकार. दोघांचाही जन्म नायजेरियातला असल्यामुळे या कलेकडे पाहण्याची त्यांची दृष्टी बाहेरच्याची नव्हती.

अनात्सुई यांच्या कामाचा उल्लेख युरोप-अमेरिकेतील वृत्तपत्रांत बहुधा 'पुनर्वापर' या शीर्षकाखाली होतो. कचऱ्यातून सौंदर्य निर्माण करणारा, पर्यावरणाची काळजी वाहणारा कलावंत अशी त्यांची प्रतिमा त्यातून तयार झाली आहे. स्वतः अनात्सुई यांनी ही संज्ञा वेळोवेळी नाकारली आहे, आणि इतिहासाचा पुरावाही त्यांच्याच बाजूने उभा राहतो. परदेशातून आलेली वस्तू मोडून, तिचे घटक सुटे करून, त्यांतून आपले वस्त्र विणण्याची रीत पश्चिम आफ्रिकेच्या या किनाऱ्यावर किमान पावणेतीनशे वर्षे जुनी आहे. शिवाय ज्या वस्तूचे झाकण ते वापरतात त्या वस्तूने, म्हणजे मद्याने, याच किनाऱ्याचे नशीब शतकानुशतके घडवले आणि बिघडवले. म्हणून या प्रदर्शनाचा अर्थ लावायचा तर आधी किनाऱ्याचा आणि त्यावरील व्यापाराचा इतिहास पाहावा लागतो.

नित्याच्या वापरातील वस्तू कलाकृतीत आणण्याची युरोपीय परंपरा येथे थोडक्यात आठवली तरी पुरे. पिकासोने 1912 साली खुर्चीच्या वेताच्या विणीचे चित्र छापलेले मेणकापड आपल्या चित्रात चिकटवले, मार्सेल द्यूशाँ याने 1913 साली सायकलचे चाक स्टुलावर बसवले आणि 1917 साली न्यूयॉर्कमधील प्रदर्शनासाठी चिनी मातीचे मूत्रपात्र पाठवले, जे आयोजकांनी मांडले नाही. या परंपरेत कलावंताने वस्तू निवडणे हीच निर्णायक कृती असते. त्या चाकावरून कोण कोठे गेले होते, ही चौकशी तेथे अप्रस्तुत ठरते. अनात्सुई यांच्या कामात नेमकी हीच चौकशी केंद्रस्थानी येते, कारण माणसांचे हात लागलेल्या वस्तूंनाच ते हात लावतात आणि त्या हातांची खूण पुसली जाऊ नये याची दक्षता घेतात.

अनात्सुई यांचा जन्म 1944 साली अन्याको या गावी झाला. हे गाव आजच्या घानाच्या आग्नेय कोपऱ्यात, केटा नावाच्या खाडीसदृश सरोवराच्या काठी आहे आणि तेथील वस्ती एवे या जमातीची आहे. समुद्र आणि सरोवर यांच्या मधल्या चिंचोळ्या वाळूच्या पट्ट्यावर केटा हे व्यापारी गाव वसले असून तेथे डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांनी 1784 साली प्रिन्सेनस्टीन हा किल्ला बांधला. या संपूर्ण किनाऱ्यावर असे अनेक किल्ले आहेत. पोर्तुगीज दर्यावर्दी 1471च्या सुमारास येथे पोहोचले, 1482 साली त्यांनी एल्मिना येथे पहिला भक्कम किल्ला उभारला, 1637 साली तो डचांनी जिंकून घेतला, आणि पुढे इंग्रज व डॅनिश यांनीही आपापल्या वखारी थाटल्या. आरंभी येथून मुख्यतः सोने जात असे, त्यावरूनच युरोपीयांनी या प्रदेशाला सुवर्णकिनारा म्हटले. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मात्र सोन्यापेक्षा माणसांची खरेदी वाढत गेली, आणि या किल्ल्यांची तळघरे अटलांटिकपलीकडे गुलाम म्हणून पाठवायच्या स्त्रीपुरुषांच्या कोठड्या बनली.

या खरेदीच्या मोबदल्यात जहाजांतून काय येत असे, याचे उत्तर व्यापाऱ्यांच्या याद्यांतून मिळते. त्यांत कापड, लोखंडाच्या कांबी, पितळी भांडी, बंदुका व बंदुकीची दारू, मालदीवच्या समुद्रातून निघालेल्या कवड्या आणि मद्य हे जिन्नस पुन्हापुन्हा आढळतात. या यादीत कापडाचा वाटा सर्वांत मोठा असे आणि त्यातील बराच माल हिंदुस्थानी होता. गुजरात आणि कोरोमंडल किनारा येथील विणकरांचे सुती कापड लंडन-ॲमस्टरडॅमच्या गोदामांमार्गे आफ्रिकेत पोहोचत असे. आपल्या मागावर निघालेल्या कापडाच्या बदल्यात माणसे विकली जात आहेत, याची त्या विणकरांना कल्पना असणे शक्य नव्हते, तरीही त्यांच्या मालाची ही वाट हिंदुस्थानच्या व्यापारी इतिहासात आजवर मिळाली त्याहून अधिक जागा मिळण्यास पात्र आहे.

बाहेरून येणाऱ्या या कापडाचे किनाऱ्यावरील आणि अंतर्भागातील विणकरांनी जे केले ते असामान्य आहे. आसांते आणि एवे या दोन्ही समाजांत अरुंद मागावर विणण्याची परंपरा असून त्या मागावर साधारण दहा सेंटिमीटर रुंदीची लांबच लांब पट्टी निघते, आणि अशा अनेक पट्ट्या काठाला काठ लावून शिवल्या की अंगभर पांघरण्याजोगे वस्त्र तयार होते. हेच वस्त्र आज केंटे या नावाने जगभर ओळखले जाते. स्थानिक कापसापासून पांढरे आणि निळीच्या झाडापासून निळे सूत मिळत असे, पण झळकता लाल, पिवळा किंवा हिरवा रंग आणि रेशमाची चमक गावात उपलब्ध नव्हती. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात आसांतेचा राजा ओपोकु वारे याच्या दरबारी गेलेल्या एका डॅनिश व्यापाऱ्याच्या सांगण्यावरून असे नोंदले गेले आहे की, राजा किनाऱ्यावरून तलम रेशमी कापडे विकत आणवी, त्यांचे धागे उसवून सुटे करवी आणि ते धागे आपल्या विणकरांच्या पट्ट्यांत घालवी. विणून पूर्ण झालेले, जहाजातून हजारो कोस आलेले महागडे कापड उसवणे ही कृती युरोपीय व्यापाऱ्याला नासधूस वाटली असेल. विणकराच्या दृष्टीने ते कापड केवळ धाग्यांची साठवण होती आणि वस्त्र त्याला स्वतःच घडवायचे होते.

अनात्सुई यांच्या घरात ही विद्या होती, कारण त्यांचे वडील आणि काही भाऊ केंटे विणत असत. ते स्वतः मात्र मागावर बसले नाहीत. आई लहानपणीच वारल्यामुळे त्यांचे पालनपोषण प्रेस्बिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक असलेल्या मामांच्या घरी, मिशनच्या आवारात झाले, आणि त्यामुळे गावातल्या विधींपासून व कारागिरीपासून ते काहीसे दूरच राहिले. घाना 6 मार्च 1957 रोजी स्वतंत्र झाला तेव्हा ते तेरा वर्षांचे होते. स्वातंत्र्यानंतर देशाचे नेते क्वामे एन्क्रुमा यांनी केंटे परिधान करून जगापुढे उभे राहण्यास आरंभ केला आणि हे वस्त्र एका नव्या राष्ट्राची निशाणी झाले, परंतु घानातील कुमासी येथील कलाशाळेत 1964 ते 1969 या काळात अनात्सुई जे शिकले तो अभ्यासक्रम जवळजवळ संपूर्णतः ब्रिटिश धाटणीचा होता. शिकवणुकीतली ही उणीव त्यांनी वर्गाबाहेर भरून काढली. कुमासीच्या राष्ट्रीय सांस्कृतिक केंद्रात जाऊन ते विणकर, ठसे उमटवणारे कारागीर आणि वादक यांचे काम पाहत असत.

पुढे घानातीलच विन्नेबा येथे शिक्षक असताना त्यांनी हाती घेतलेली पहिली वस्तू बाजारातली होती. तेथील विक्रेत्या स्त्रिया आपला खाद्यपदार्थांचा माल गोल लाकडी तबकांत मांडतात. अनात्सुई यांनी अशी तबके घेऊन त्यांवर तापलेल्या लोखंडी सळईने आदिंक्रा चिन्हे डागली. आदिंक्रा ही आसांते समाजात अंत्यविधीच्या वेळी नेसायच्या कापडावर ठशांनी उमटवायची चिन्हे असून प्रत्येक चिन्हामागे एखादी म्हण किंवा नीतिविचार असतो. बाजार आणि मृत्युसंस्कार, रोजची विक्री आणि पूर्वजांची शिकवण ही दोन टोके एका तबकात आणणारी ही कामे आकाराने लहान असली तरी पुढील सर्व कामाचे बीज त्यांत आहे, आणि म्युनिकच्या प्रदर्शनात ज्याने ही तबके घाईने ओलांडली त्याला पुढच्या दालनांतील वस्त्रे केवळ झगमगाटच वाटण्याचा धोका होता.

1975 साली ते न्सुक्का येथील नायजेरिया विद्यापीठात अध्यापक म्हणून गेले. बियाफ्राच्या यादवी युद्धाला, म्हणजे 1967 ते 1970 या काळात नायजेरियाच्या पूर्व भागाने स्वतंत्र होण्यासाठी दिलेल्या आणि लाखो बळी घेतलेल्या लढ्याला, तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती आणि न्सुक्का हे त्या युद्धात होरपळलेले गाव होते. तेथील कलाविभागाची धुरा उचे ओकेके यांच्याकडे होती. तेथील इग्बो समाजातील स्त्रिया अंगावर आणि घराच्या भिंतींवर जी रेखीव, वळणदार चित्रे काढत, त्या 'उली' नावाच्या कलेचा अभ्यास करून तिच्यातून आधुनिक चित्रभाषा घडवण्याचा प्रयत्न ओकेके आणि त्यांचे सहकारी करीत होते. अनात्सुई या वातावरणात रुजले. 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी 'ब्रोकन पॉट्स' ही मातीच्या भांड्यांची मालिका केली, जिच्यातील भांडी मुद्दाम भंगलेली, तुकड्यांनी सांधलेली आणि कडा कुरतडल्यासारखी होती. मडके फुटले म्हणजे संपले असे पश्चिम आफ्रिकेतील घरांत मानत नाहीत. खापरात कोंबड्यांना दाणे घालतात, निखारे नेतात, देवस्थानी नैवेद्य ठेवतात. युद्धातून बाहेर आलेल्या समाजात फुटलेल्या भांड्याचे हे पुढचे आयुष्य दाखवणे याला जो अर्थ होता तो वेगळा सांगण्याची गरज नाही.

लाकडाचा टप्पा 1980 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात एका निवासी कलाकेंद्रात सुरू झाला, जेथे त्यांनी यांत्रिक करवत प्रथमच हाती घेतली. फळ्या उभ्या शेजारीशेजारी लावायच्या, करवतीने त्यांवर आडवेतिडवे घाव घालायचे, काही भाग जाळून काळे करायचे, काही रंगवायचे, अशी ही कामे आहेत. करवतीच्या दातांनी लाकडाच्या नैसर्गिक रेषांची पर्वा न करता केलेली चिरफाड त्यांना 1884-85च्या बर्लिन परिषदेनंतर युरोपीय सत्तांनी आफ्रिकेच्या नकाशावर ओढलेल्या सीमारेषांसारखी वाटली. त्याच वेळी या उभ्या फळ्या म्हणजे केंटेच्या पट्ट्याच होत्या. त्यांचा क्रम बदलण्याची मुभा अनात्सुई घेणाऱ्याला देत असत, आणि कलाकृतीला एकच कायमचा आकार नसावा हा त्यांचा आग्रह येथेच पहिल्यांदा स्पष्ट झाला.

1990च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी पत्र्याकडे मोर्चा वळवला. कसाव्याचे कंद किसण्याच्या गंजक्या, भोके पाडलेल्या पत्र्याच्या किसण्या जोडून त्यांनी भिंती उभ्या केल्या, आणि 'पीक' या डच बनावटीच्या डबाबंद दुधाच्या झाकणांची जाळी करून 1999 साली 'पीक प्रोजेक्ट' ही जमिनीवर टेकड्यांसारखी उभी राहणारी रचना केली. अशा शोधाच्या दिवसांत, 1998 साली, न्सुक्काजवळ रस्त्याच्या कडेला कोणीतरी टाकून दिलेले मद्याच्या बाटल्यांच्या झाकणांचे पोते त्यांना सापडले. काही महिने ते कार्यशाळेत तसेच पडून होते.

येथे मद्याच्या इतिहासाकडे वळणे अपरिहार्य ठरते, कारण त्या पोत्यात जे होते त्याचे पूर्वज केटाच्या किनाऱ्यावर तीनशे वर्षे उतरत आले होते. युरोपीय येण्याआधी या भागात ताडमाडी आणि धान्यापासून आंबवलेली पेये होती, गाळलेली दारू नव्हती. ब्रँडी, रम आणि पुढे हॉलंडची जिन ही सारी जहाजांतून आली. रमचा प्रवास सर्वांत क्रूर म्हणावा लागेल. कॅरिबियन बेटांवर गुलामांनी पिकवलेल्या उसाची काकवी उत्तर अमेरिकेच्या ऱ्होड आयलंडसारख्या वसाहतींत जाई, तेथे तिची रम गाळली जाई, ती रम पिंपांत भरून सुवर्णकिनाऱ्यावर येई, तिच्या मोबदल्यात माणसे घेतली जात आणि ती माणसे पुन्हा त्याच उसाच्या मळ्यांत नेली जात. माणसाच्या श्रमातून निघालेले पेय त्याच्याच भावंडांची किंमत ठरत होते. ब्रिटनने 1807 साली गुलामांचा व्यापार बेकायदा ठरवल्यावर हळूहळू ताडतेलाचा व्यापार वाढला, पण मद्य तेच राहिले. एकोणिसाव्या शतकात हॉलंडची जिन आणि हॅम्बुर्गची स्वस्त दारू यांच्या चौकोनी हिरव्या बाटल्या पश्चिम आफ्रिकेत इतक्या मुबलक आल्या की मद्यावरील जकात हा वसाहतींच्या सरकारी उत्पन्नाचा मोठा आधार बनला.

परंतु या व्यापाराचा इतिहास केवळ नागवणुकीचा नाही. परक्या कापडाप्रमाणे परके मद्यही या समाजांनी आपल्या रीतीत ओढून घेतले. पूर्वजांना आवाहन करताना जमिनीवर पेयाचे थेंब सांडण्याचा जो विधी आहे त्यात ताडमाडीबरोबर हॉलंडची जिन आली, मुखियाच्या भेटीला जाताना, सोयरीक ठरवताना, तंटा मिटवताना बाटली नेणे हा शिष्टाचार झाला. 1919 साली साँ-जर्मेन येथे झालेल्या करारान्वये युरोपीय सत्तांनी आफ्रिकेत निकृष्ट व्यापारी मद्य पाठवण्यावर निर्बंध घातले आणि पुढे आयात मद्य महाग होत गेले, तेव्हा लोकांनी ताडमाडीपासून स्वतःच दारू गाळण्यास सुरुवात केली. घानामध्ये तिला आक्पेतेशी आणि नायजेरियात ओगोगोरो म्हणतात. वसाहतीच्या सरकारने तिला बेकायदा ठरवले, कारण तिच्यापासून जकात मिळत नव्हती, आणि गाळणाऱ्यांना तुरुंगात टाकले. स्वातंत्र्यानंतर ही बंधने गेली आणि स्थानिक कारखाने आपापल्या नावाने मद्य बाटलीबंद करू लागले. न्सुक्काच्या पोत्यातील झाकणे या कारखान्यांची होती. बाटल्या पुन्हा भरण्यासाठी कारखान्याकडे परत जातात, मागे राहते ते एकदा उघडलेले झाकण.

झाकणांवरील नावे स्वतंत्रपणे अभ्यासावीत अशी आहेत. 'डार्क सेलर' हे नाव समुद्री व्यापाराची आठवण ठेवते. 'इकोमॉग' हे नाव पश्चिम आफ्रिकी राष्ट्रांनी 1990 साली लायबेरियातील यादवी थांबवण्यासाठी पाठवलेल्या संयुक्त फौजेचे आहे, तर 'बकासी' हे नायजेरिया आणि कॅमेरून यांच्यातील वादग्रस्त द्वीपकल्पाचे, ज्याचा निकाल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 2002 साली कॅमेरूनच्या बाजूने दिला. स्वस्त मद्याच्या कारखानदाराने ही नावे गिऱ्हाईक ओढण्यासाठी ठेवली असली तरी एका देशाच्या दोन-तीन दशकांची बातमीपत्रे त्यांत साठली आहेत. अनात्सुई ती नावे पुसत नाहीत. वस्त्राजवळ गेल्यावर अक्षरे वाचता येतात.

या झाकणांची वस्त्रे घडत आली ती न्सुक्काच्या कार्यशाळेत, अनेक तरुण सहायकांच्या हातांनी. झाकणाचे दोन भाग असतात, वरची गोल चकती आणि बाटलीच्या गळ्याभोवतीची पट्टी. पट्टी उलगडून सरळ केली की आयताकृती तुकडा मिळतो, तो तसाच ठेवता येतो, लांबट घडी घालता येते किंवा पीळ देता येतो. चकती वेगळी केल्यावर उरणाऱ्या कड्यांची विरळ जाळी होते. तुकड्यांच्या कोपऱ्यांना भोके पाडून तांब्याच्या तारेने ते जोडतात आणि त्यांचे लहान ठोकळे तयार झाले की अनात्सुई ते जमिनीवर पसरून, हलवून, पुन्हा मांडून, छायाचित्रे घेऊन पाहत राहतात, आधी कागदावर आराखडा काढत नाहीत. हे काम अनेकांचे आहे हे त्यांनी कधी लपवले नाही, उलट वेगवेगळ्या हातांची तार आवळण्याची लकब वस्त्रात दिसावी असे ते मानतात. या बाबतीत ते विणकरांच्या वंशातले आहेत, कारण केंटेतही पट्ट्या अनेकांच्या असतात आणि शिवणारा वेगळा असतो.

2001 साली त्यांनी 'मॅन्स क्लॉथ' आणि 'वुमन्स क्लॉथ' ही दोन वस्त्रे केली. केंटेच्या परंपरेत पुरुष एकच मोठे वस्त्र खांद्यावरून घेऊन पांघरतो आणि स्त्री लहान वस्त्रे कमरेला व वर गुंडाळते, त्या भेदावर ही जोडी आधारलेली आहे. ती ब्रिटिश म्युझियमने घेतली. त्यानंतर 2007च्या व्हेनिस बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या त्या आंतरराष्ट्रीय कलामेळ्यात, 'दुसासा' नावाची दोन प्रचंड वस्त्रे आणि फोर्तुनी प्रासादाच्या दर्शनी भिंतीवर सोडलेले 'फ्रेश अँड फेडिंग मेमरीज' पाहिल्यावर जगभरच्या संग्रहालयांनी त्यांच्या कामासाठी रांग लावली. 2015 साली त्याच मेळ्यात त्यांना कारकिर्दीच्या गौरवाचा सुवर्णसिंह पुरस्कार मिळाला आणि त्या वर्षीच्या मेळ्याचे संचालक ओक्वुई एन्वेझोर हेच होते.

म्युनिकच्या दालनांत या वस्त्रांची रेलचेल होती, पण त्यांतील दोन कामांपाशी थांबणे आवश्यक आहे. 'लोगोलिगी लॉगरिदम' या 2019च्या रचनेत कड्यांच्या विरळ, अर्धपारदर्शक जाळ्या छतापासून सोडलेल्या असून प्रेक्षकाला त्यांच्या मधून वळणे घेत चालावे लागते. ती घानाचे कवी अतुक्वेई ओकाई यांच्या स्मृतीशी जोडलेली आहे. दुसरी, 'रायझिंग सी', ही बहुतांशी पांढऱ्या-रुपेरी झाकणांची एवढी मोठी लाट आहे की तिच्यापुढे माणूस खुजा होतो. या कामाला सामान्यतः जागतिक समुद्रपातळीच्या वाढीचे शिल्प म्हणतात. केटाच्या इतिहासाची माहिती असणाऱ्याला मात्र त्यात अधिक काही दिसेल, कारण केटा गावाचा मोठा भाग विसाव्या शतकात समुद्राने गिळला आणि 1784चा तो डॅनिश किल्लाही 1980 साली लाटांच्या माऱ्याने अंशतः कोसळला. अन्याकोच्या मुलाने समुद्र चढताना दाखवला असेल तर तो समुद्र त्याच्या ओळखीचा आहे, असे मानण्यास पुरेसा आधार आहे.

लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयाच्या टर्बाइन हॉलमध्ये ऑक्टोबर 2023 ते एप्रिल 2024 या काळात मांडलेल्या 'बिहाइंड द रेड मून' या रचनेने हा व्यापारी धागा उघडपणे पुढे नेला. तिच्यातील पहिले वस्त्र वाऱ्याने फुगलेल्या जहाजाच्या शिडासारखे होते. संग्रहालयाला ज्यांचे नाव आहे त्या हेन्री टेट यांची संपत्ती साखरेच्या कारखानदारीतून आली. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी संपल्यानंतर त्यांनी हा व्यवसाय सुरू केला हे खरे असले तरी कॅरिबियन साखरेचा पाया कोणाच्या श्रमावर रचला गेला हे त्या शिडाखाली उभे राहून विसरणे कठीण होते. मद्य, साखर आणि जहाज हे तिन्ही एका छताखाली आले होते.

इतके असूनही या कलेला नेमके कोणत्या दालनात ठेवायचे, हा प्रश्न मोठ्या संग्रहालयांनी समाधानकारकपणे सोडवलेला नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने 'बिट्वीन अर्थ अँड हेवन' हे वस्त्र आफ्रिकेच्या कलेच्या विभागात घेतले आणि पाठोपाठ 'दुसासा 2' आधुनिक व समकालीन कलेच्या विभागात. एकाच हाताची, एकाच पद्धतीची, जेमतेम वर्षभराच्या अंतराने घडलेली दोन कामे एकाच इमारतीत दोन वेगळ्या इतिहासांत वाटली गेली. आफ्रिकी विभागात ठेवल्याने केंटेशी नाते दिसते पण कलावंत आजचा आहे हे झाकले जाते, आणि समकालीन विभागात ठेवल्याने तो आजचा दिसतो पण राजा ओपोकु वारे याच्या दरबारात उसवलेल्या रेशमाशी त्याचा संबंध तुटतो. सिंहावलोकनी प्रदर्शनाचे खरे कार्य हा तुटलेला संबंध जोडणे हे आहे, आणि तबके, खापरे, फळ्या व झाकणे सलग मांडून 'ट्रायम्फंट स्केल'ने ते बऱ्याच अंशी केले. उणीव राहिली ती एवढीच की व्यापाराची कागदपत्रे, म्हणजे जहाजांच्या मालयाद्या व जकातीची पुस्तके, आणि उसवलेल्या धाग्यांचे जुने केंटे हेही या वस्त्रांच्या शेजारी मांडायला हवे होते. पुढे कोणी संग्रहालय अनात्सुई यांच्या कामाचा आढावा घेईल तेव्हा त्याने हे आवर्जून करावे.

म्युनिकचे प्रदर्शन पुढे दोहा येथील मथाफ संग्रहालयात आणि बर्नच्या कला संग्रहालयात गेले. त्याची आखणी आजारपणात पूर्ण करणारे ओक्वुई एन्वेझोर मात्र उद्घाटनानंतर आठवड्यातच, 15 मार्च 2019 रोजी, म्युनिकमध्ये निधन पावले.